व्हीगन आहेस ना? मग गोळी घे!

पुण्यातल्या एका कॅफेत हल्ली ‘रस्टिक व्हीगन प्लॅटर’ मिळतो. लाकडी पाटावर ज्वारीची भाकरी, कोळशावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि मूठभर शेंगदाणे. कांदा बुक्कीनं फोडल्याचं मेनूत आवर्जून छापलंय. किंमत अशी, की तेवढ्यात मंगळवेढ्याची पायलीभर ज्वारी घरी यावी आणि वर वांग्यांना पैसे उरावेत. शेजारी काटा-चमचा ठेवतात. भाकरी काट्यानं खाणारा माणूस बघायला मिळतो, हे धरलं तर पैसे वसूल.

हे व्हीगन प्रकरण आलं कुठून? 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी मूठभर मंडळी जमवली आणि व्हीगन सोसायटी काढली. मांस तर नाहीच, पण दूध, अंडी, मध, लोकर, कातडं, जनावराकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही. मास्तर पंच्याण्णव वर्षं जगले, तेव्हा प्रयोग अगदीच वाया गेला असं म्हणता येत नाही. आपल्याकडच्या कोरडवाहू घरांत मात्र कुठलाही ठराव न करता आठवड्याचे पाच-सहा दिवस हेच चालायचं. पुढे सहकारी डेऱ्या आल्या, तेव्हा दारात म्हैस आली, पण दूध पहाटेच कॅनमध्ये बसून संकलन केंद्रावर जायचं. फॅट लागली, पावती मिळाली, घरात चहापुरतं उरलं. पोराच्या पेल्यात दूध नव्हतंच. हे तत्त्व नव्हतं, ऐपत नव्हती. आणि ऐपत आल्यावर त्याच घरानं पहिलं काम काय केलं? भाकरीवर तुपाची धार धरली. शिवाय त्याच घरात बाजाराच्या दिवशी सुकट यायची, खुडूक कोंबडीचा रस्सा व्हायचा. तेव्हा ‘आमच्या आजी-पणजी व्हीगनच होत्या’ हे समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांनी आधी पणजीची परवानगी घ्यावी.

कणवेपोटी दूध सोडणाऱ्याबद्दल मात्र मला आदर आहे. गाईला आई म्हणणाऱ्या मुलखात ‘गोऱ्ह्याचं पुढे काय होतं हो?’ असं विचारणारा एक तरी निघाला. 2015 पासून आपल्या राज्यात गोऱ्ह्या-बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. नांगर ट्रॅक्टरनं घेतला. जर्सीच्या गोऱ्ह्याला ना गोठ्यात काम, ना बाजारात गिऱ्हाईक. दूध पिणाऱ्यानं हा प्रश्न टाळायचा आणि व्हीगनानं तो नेमका लग्नाच्या पंगतीत विचारायचा, अशी सध्या कामाची वाटणी आहे.

माझी तक्रार कणवेबद्दल नाही, तब्येतीबद्दल आहे. व्हीगन झालं की माणूस आपोआप निरोगी होतो, अशी एक समजूत पसरली आहे. वडापाव व्हीगन आहे. बेकरीतली खारी बहुतेक ठिकाणी व्हीगन. फरसाण, बटाट्याचे वेफर्स, शेव, कोल्ड्रिंक, सगळं व्हीगन. आणि या पंथाचा आद्य पदार्थ म्हणजे डालडा! 1937 सालापासून आपल्या घरात आहे, गाईच्या केसालाही धक्का न लावता बनतो आणि त्यातल्या ट्रान्स फॅटनं रक्तवाहिन्यांची जी वाट लावली तिचा हिशेब हृदयरोगतज्ज्ञांनी करावा. सरकारला खाद्यतेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आणायला 2022 साल उजाडावं लागलं. म्हणजे दिवसभर खारी, शंकरपाळे आणि कोल्ड्रिंकवर राहणारा माणूस जनावरांचा मित्र असेल, पण स्वतःचा वैरीच.

आमचा एक भाचा या मार्गाला लागलाय. इंजिनीअर आहे, म्हणजे प्रत्येक गोष्टीची माहिती काढतो आणि करायची वेळ आली की ऑनलाइन मागवतो. त्याच्या फ्रिजमध्ये बदामाच्या दुधाचे डबे रांगेनं उभे असतात. एक डबा मी उलटा करून वाचला. घटक ज्या क्रमानं छापतात तो वजनाचा उतरता क्रम असतो. पहिलं पाणी. दुसरी साखर. तिसऱ्या नंबरावर बदाम, तेही टक्क्यांत, आणि ते टक्के मोजायला एका हाताची बोटं पुरली. बदाम त्या डब्यात शिरले असतील ते बहुधा चित्रावरूनच. खाली बारीक अक्षरांत कॅल्शियम घातल्याचं लिहिलं होतं. हे कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून डबा चांगला हलवून घ्यायचा असतो. भाचा कधीच हलवत नाही. बिचारा वरचं पाणी पितो आणि कॅल्शियम डब्याबरोबर कचऱ्यात जातं. सुक्या कचऱ्याची हाडं मात्र मजबूत होत असावीत.

याला दूध म्हणायचं की नाही यावरही सरकारदरबारी खल झाला. खाद्यसुरक्षा प्राधिकरणानं 2021 मध्ये बजावलं, की सोया-बदामाच्या पेयाला ‘दूध’ म्हणून विकायचं नाही. नारळाचं दूध मात्र त्यातून सुटलं. बरं झालं. नाहीतर कोकणातल्या सोलकढीला कोर्टाची पायरी चढावी लागली असती. व्हीगन पदार्थांसाठी हिरव्या ‘व्ही’चं बोधचिन्हही त्याच वर्षी आलं. या सगळ्या घडामोडी कोल्हापुरात गंगावेशीला कुणी कळवल्या का, याची मला उत्सुकता आहे. तिथे रात्री म्हशी उभ्या असतात, पुढ्यात पिळून फेसाळता ग्लास हातात देतात. त्या ग्लासासमोर उभं राहून ‘ओट मिल्क आहे का?’ असं विचारणारा धाडसी माणूस अजून जन्माला यायचाय.

दूध सोडलं आणि अडचणीत आला, असा सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे गांधीजी. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना आमांशानं पार लोळवलं. हवापालटाला आपल्या माथेरानला आले, तिथलं पाणी सोसलं नाही, मुंबईला उतरले. डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय अंग धरणार नाही. हे म्हणाले, व्रत आहे. तेव्हा खाटेशेजारी उभ्या कस्तुरबांनी तोड काढली. व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय-म्हैस होती ना, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? शेळी आली. व्रताचे शब्द राखले आणि त्याचा प्राण घालवला, ही बोच त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. नवरा तत्त्वात अडकला की बायकोनं पळवाट काढून त्याला जगवायचं, ही आपली जुनीच रीत.

बी-12 हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात वेगळं काढता आलं ते 1948 साली, गांधीजी गेले त्याच वर्षी. त्यांच्या आमांशाशी त्याचा संबंध जोडायचं कारण नाही. पण दूध-अंडी-मांस सगळंच सोडलं तर नेमकं काय कमी पडतं आणि ते कशानं भरून काढायचं, हे 1918 साली सांगणारं कुणी नव्हतं. आज औषधाच्या दुकानातला पोऱ्याही सांगतो. हे जीवनसत्त्व गाय बनवत नाही, गवतही बनवत नाही, बनवतात जीवाणू. पालकात नाही, मोडांत नाही, आणि स्पिरुलिनाच्या हिरव्या भुकटीत जे असतं ते दिसायला बी-12 सारखं, शरीराच्या मात्र उपयोगाचं नाही. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं 2.2 मायक्रोग्रॅम, म्हणजे जिभेवर ठेवलं तरी कळणार नाही इतकं. तेवढं मिळालं नाही की हातापायांना मुंग्या येतात, जीभ सोलवटते, विसरायला होतं. गंमत अशी, की यकृतात साठा असल्यामुळे पहिली दोन-चार वर्षं काहीच होत नाही. उलट हलकं वाटतं, फोटो छान येतात, ‘मला तर काहीच त्रास नाही’ असं चारचौघांत सांगता येतं. त्यातून हिरवी भाजी भरपूर, म्हणून फोलेट भरपूर. ते रक्तातली लक्षणं झाकून ठेवतं आणि आत नसा मुकाट्यानं खराब होत राहतात.

म्हणून व्हीगन माणसाची पहिली सवय म्हणजे गोळी. रोजची लहान घ्यायची की आठवड्याची मोठी, ते डॉक्टरांना विचारून ठरवावं, पण घ्यायची. ना स्मूदी, ना सूर्यनमस्कार, ना कृतज्ञतेची वही. गोळीचा फोटो कुणी टाकत नाही, म्हणून ती कुणी घेत नाही.

हे वाचून जे काका ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ म्हणत पुढे सरसावतील त्यांनी जरा बसावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुणे परिसरातल्या धडधाकट दिसणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत बी-12 कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त जणांत. ही मंडळी व्हीगन नव्हती. दुधाचा चहा, कवडीचं दही, वरणावर तूप, सगळं साग्रसंगीत चालू होतं. भाच्याच्या बी-12 ची काळजी वाहणाऱ्या काकांचं स्वतःचं बी-12 बहुधा भाच्याच्याच पंगतीला बसलेलं आहे. मुंग्या येतात त्या वयामुळे, असं ते समजतात.

गोळीतही गोम आहे. कॅप्सूलचं पारदर्शक कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. ड जीवनसत्त्वाची नेहमीची ‘डी-3’ पुडी मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट चरबीपासून बनते. व्हीगन डी-3 हवं असेल तर ते दगडफुलाच्या जातकुळीतल्या लायकेनपासून काढतात. म्हणून कुणी गोडा मसाल्याची फक्की मारू नये. आमटीला वास येईल, हाडांना ड मिळणार नाही.

बाकीच्या सवयी स्वयंपाकघरातल्या, आणि त्यांतली एकही नवी नाही. नाचणीत कॅल्शियम वजनाला वजन धरलं तर दुधाच्या जवळपास तिप्पट. पण आपण ती बाळाला सत्त्व म्हणून देतो आणि म्हाताऱ्याला आंबील म्हणून; मधली चाळीस वर्षं गव्हाच्या पोळीला आंदण. तीळ नाचणीच्याही पुढे, पण त्यांना संक्रांतीशिवाय घरात प्रवेश नाही. पालकाची जाहिरात फार, पण त्यातलं कॅल्शियम त्यातलंच ऑक्झॅलेट धरून ठेवतं. बिनपॉलिशचे तीळ भाजून चटणी करावी आणि ती पानात चिमूटभर नाही, चमचाभर वाढावी. डावी बाजू ही शोभेची नसते.

मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, गाठोडं नळावर लटकवायचं. दुसऱ्या दिवशी मोड फडक्याला भोकं पाडून बाहेर डोकावतात. सोडवताना शेपट्या तुटतात म्हणून सासूबाई सुनेवर डाफरतात. या उपद्व्यापात कडधान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह अंगी लागायला वाट मोकळी होते. वरून लिंबू पिळलं की लोहाला आणखी उठाव. मग या सगळ्या मेहनतीवर आपण काय करतो? जेवणावर लगेच कपभर चहा! चहातलं टॅनिन लोहाला तिथेच धरतं. बिनदुधाचा कोरा चहा झाला म्हणून ते पाप फिटत नाही. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवायचं, एवढी साधी सवय. पण व्हीगन होणं सोपं, जेवल्यावरचा चहा सोडणं अवघड. अख्खी डेअरी सोडणारे वीर या कपापाशी गारद होतात.

भाच्यानं ओमेगा-3 साठी सातासमुद्रापलीकडची चिया आणली. विदर्भात जवस आहे, हे त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, ते रंगाच्या तेलात वापरतात ना? वापरतात. पण जवस मंद आचेवर भाजावा, तडतडू लागला की उतरावा, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून कुटावा, आणि कुटावाच. अख्खा गिळला तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो, कारण त्याचं कवच आपल्या पोटाला दाद देत नाही. कुटलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून थोडा थोडा करावा. महिन्याभराची चटणी एकदम करून बरणीत कोंबायची आणि खवट वासाला ‘नैसर्गिक सुगंध’ म्हणायचं, ही नवी पद्धत बरी नाही.

आणि मीठ. दूध, अंडी, मासे गेले म्हणजे आयोडीनची ती ती दारं बंद झाली. उरलं आयोडीनयुक्त मीठ. पण ते ‘केमिकल’ म्हणून हाकललं आणि चारपट भाव देऊन गुलाबी सैंधव आणलं. स्वयंपाकघर सुंदर दिसतं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला मात्र गुलाबी रंगाचं कौतुक नाही.

व्हीगन माणसाला घरी-दारी पहिला प्रश्न येतो, ‘अरे, मग प्रोटीन कुठून?’ आणि तो विचारणाऱ्याच्या ताटात साबुदाण्याची खिचडी असते. किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम, एवढंच रोजचं मागणं आहे. तूर, मूग, मसूर, हरभरा यांच्या डाळींत वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या पुढे प्रथिनं असतात. फक्त वरण दिसायला हवं. आपल्याकडे वरणातलं पाणी आणि डाळ यांची ओळखदेख नसते. सोयाबीन तर सगळ्या डाळींना मागे टाकतं, आणि पिकतं कुठे? लातुरात, मराठवाड्यात, विदर्भात. तिथून ते गिरणीत जातं, तेल निघतं आणि प्रथिनांनी ठासून भरलेली पेंड कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जाते. लातूरचा शेतकरी भाव पडला म्हणून कपाळाला हात लावतो, कोंबडी प्रथिनं खाते आणि मुंबईतला व्हीगन शीतकपाटातला टोफू हातात घेऊन, हे थायलंडचं असेल का, म्हणून लेबल वाचतो.

खरी कसोटी पाहुणचारात. ‘मी तूप खात नाही’ हे वाक्य मराठी काकूंना ऐकू येत नाही, हा कानाचा दोष नव्हे. ‘नुसतं वरून सोडलंय, आत नाहीये,’ असं त्या सांगतात. ‘ताक म्हणजे काय दूध थोडंच?’ हेही ऐकलंय. अशा वेळी शहाण्यानं पान वाढताना अळूच्या फदफद्याजवळ सरकावं. चुका, मुळा, शेंगदाणे, चण्याची डाळ, चिंच, गूळ; सबंध पंगतीत याच्याइतकं निर्दोष काही नाही. त्याच्याच शेजारी मिरच्या, तीळ, दाणे, खोबरं, चिंच-गुळाचं पंचामृत वाढलेलं असतं, तेही खुशाल चाटावं. देवापुढचं पंचामृत मात्र पाचांपैकी चारांत नापास. दूध, दही, तूप, मध गेले, साखर एकटी उरली.

पुढे गाडी ताटावरून अंगावर येते. पैठणी रेशमाची, म्हणजे किडे उकळलेले. नथीतला मोती शिंपल्याच्या पोटातला. कोल्हापुरी चपला, विचारूच नका. कीर्तनात पखवाज वाजतो तो कातड्यावर. व्हीगन वधू-वरांनी सुती लुगडं, फुलांची नथ आणि रबरी चपला घालून, झांजांवर लग्न लावावं लागेल. स्वस्तात होईल, म्हणून वधूपित्यांची हरकत नसावी.

लंडनला मुलाकडे राहणाऱ्या एका स्नेह्यांनी तिकडच्या अशाच एका लग्नाची हकिकत सांगितली. मुलगा-मुलगी दोघंही कट्टर. गुरुजी आधी बिचकले, मग बघता बघता तयार झाले. दुधाऐवजी नारळाचं दूध, मधाऐवजी काकवी, समईत आणि होमात तुपाऐवजी तिळाचं तेल. ‘भाव महत्त्वाचा,’ गुरुजी म्हणाले. दह्याचा प्रश्न आला तर वधूनं शेंगदाण्याच्या दुधाला मिरचीच्या देठांचं विरजण लावून दही आणलं. गुरुजींनी वास घेऊन तेही देवाला चालवून घेतलं. सगळं यथासांग पार पडलं. दक्षिणेच्या वेळी वरानं पाकिटातून पाच पौंडांच्या करकरीत नोटा काढल्या आणि त्याचा हात तिथेच थांबला. 2016 साली इंग्लंडात प्लॅस्टिकच्या नोटा आल्या, त्यांत जनावराच्या चरबीचा अंश निघाला होता, त्यावरून तिकडच्या व्हीगन मंडळींनी रान उठवलं होतं, आणि बँकेनं नोट काही बदलली नाही. वर म्हणाला, ‘गुरुजी, या नोटा देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.’

गुरुजींनी पिशवीतून मोबाइल काढला आणि खात्याचा नंबर वाचून दाखवायला सुरुवात केली.